किडनी बदललेला माणूस विसरायला लागलाय? या चुका टाळा

आमच्या आबांची किडनी बदलून चार वर्षं झाली. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी ठरलेली, आणि एक दिवस गंगावेशीत उभं राहून मलाच विचारतात, घर कुठल्या बाजूला रे. आम्ही म्हणालो वय झालं. हीच पहिली चूक.

कारण असा गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक आला तर ते वय नसतं बघा. इन्फेक्शन, शुगर, सोडियम किंवा टॅक्रोलिमसची (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) रक्तातली लेव्हल, यातलं काहीही असू शकतं, आणि प्रतिकारशक्ती औषधानं दाबलेली असल्यामुळं इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कधीकधी. सोबत फिट आली, दिसायला कमी झालं किंवा डोकं भयंकर दुखलं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

आबांच्या बाबतीत काय झालं होतं, खोकल्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणलेल्या, त्यात क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक. त्यानं टॅक्रोलिमस रक्तात साठतं. हात इतका थरथरायचा की चहा बशीत सांडायचा, तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बुरशीच्या इन्फेक्शनवरच्या काही गोळ्यांनी पण तेच होतं, पपनस-चकोतऱ्यानं सुद्धा. पण म्हणून टॅक्रोलिमस स्वतःच्या मनानं बंद करू नका हां, किडनी जाईल.

टॅक्रोलिमसच्या लेव्हलचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं, रात्रीच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी. आम्ही गोळी देऊन नेलं, रिपोर्ट वाया, परत सगळं.

हळूहळू वाढणाऱ्या विसरण्यासाठी मोका (MoCA) नावाची ३० मार्कांची स्मरणशक्ती-विचारशक्तीची टेस्ट असते, २६ च्या खाली आलं की पुढं तपासतात. पण कमी शिकलेल्या माणसाला एवढ्यावरनं शिक्का मारणं चूक. तब्येत स्थिर असताना एकदा करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी त्याच्याशीच तुलना होते. मराठीतनंच मागा, चष्मा आणि कानाचं मशीन घालून बसवा, आणि टेस्टमध्ये घड्याळाचं चित्र काढायला लावतात, त्याची घरी प्रॅक्टिस घेऊ नका, आमच्या पोरांनी प्रेमानं तेच केलं आणि मार्क फुगले. बी१२, थायरॉइड बघायला सांगा, उदास माणूस पण विसरतो.

ओपीडीत त्यांच्या वतीनं उत्तरं देऊ नका, त्यांना बोलू दे. गोळ्यांचा डबा मात्र रोज दुसऱ्या कुणीतरी बघायचा, चुकलेला डोस ते स्वतः सांगू शकत नाहीत. आई आता कॅलेंडरच्या चौकोनातच लिहिते, कधी गोंधळले, काय विसरले, कुठली नवी गोळी चालू झाली. डॉक्टर आधी ते पान मागतात.