जेनेरिक औषधं निवडताना फक्त दर पाहताय? या चुका टाळा

२००१ साली एका जेनेरिक उत्पादकाने एचआयव्हीवरची तीन औषधं रुग्णामागे वर्षाला सुमारे ३५० डॉलरला देऊ केली. त्याआधी हाच उपचार दहा हजार डॉलरच्या घरात होता. विकसनशील देशांतल्या लाखो माणसांचे जीव अशा औषधांनी वाचले आहेत, म्हणून औषधांच्या खरेदी समितीने दर पाहायलाच हवा. अडचण येते ती निविदेतला दराचा लिफाफा आधी उघडला की. स्वस्त आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की गुणवत्तेचा प्रत्येक प्रश्न ‘उगाच खोडा’ वाटू लागतो. तांत्रिक छाननी आधी पूर्ण करा, तिच्यातून पार पडलेल्यांचेच दर पाहा.

परवाना आहे म्हणजे झालं, असं धरून चालणं

परवाना देणारी यंत्रणा कारखान्यात खरोखर जाते का, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वअर्हता यादी (संघटनेने तपासून मान्य केलेली औषधं) २००१ पासून आहे आणि ती कुणालाही पाहता येते. मात्र तिचा भर एचआयव्ही, क्षयरोग, मलेरिया, प्रजनन आरोग्य अशा ठरावीक क्षेत्रांवर आहे. रक्तदाबाच्या साध्या गोळीसाठी तपासणी अहवाल, बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र आणि कच्चा माल कुठून येतो याची माहिती तुम्हालाच मागवावी लागते.

हे कागद किती मोलाचे आहेत, ते दोन घटनांवरून कळतं. २०१२ मध्ये लाहोरच्या एका रुग्णालयातून वाटलेल्या हृदयविकाराच्या गोळ्यांत मलेरियावरचं पायरीमेथामाइन मोठ्या प्रमाणात मिसळलेलं निघालं. दोनशेहून अधिक रुग्ण दगावले. लेबलवरचा घटक आहे की नाही, एवढंच पाहणाऱ्या चाचणीतून अशी भेसळ सुटू शकते. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलांच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. सिरपमधल्या द्रावकाच्या प्रत्येक लॉटची तपासणी झाली तर हे विष कारखान्यातच पकडता येतं. एवढ्या साध्या चाचणीअभावी मुलं जावीत, याचा संताप यायलाच हवा.

‘८० ते १२५ टक्के’चा चुकीचा अर्थ लावणं

जेनेरिकला मान्यता देताना वापरला जाणारा हा आकडा, जेनेरिकवर अविश्वास असणारे डॉक्टर हमखास पुढे करतात: ‘म्हणजे गोळीत औषध २० टक्के कमी असलं तरी चालतं!’ तसं नाही. गोळीतल्या औषधाच्या प्रमाणाची मर्यादा वेगळी असते आणि ती बरीच काटेकोर असते. ८० ते १२५ हा निकष रक्तात पोहोचणाऱ्या औषधाचा आहे. मूळ औषध आणि जेनेरिक यांच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास-अंतराल (खरं गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता असते तो) पूर्णपणे या दोन आकड्यांच्या आत बसावा लागतो. सरासरी फरक मोठा असेल तर तो बसणं जवळपास अशक्यच. अमेरिकी नियामकाने १९९६ ते २००७ या काळातले २,०७० अभ्यास तपासले, तेव्हा सरासरी फरक ४ टक्क्यांच्या आसपास निघाला.

पण इथे दुसरी बाजूही आहे. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी झालेली असते, दोन जेनेरिकची आपापसात नसते. फेनिटोइन (फिट्सवरचं), वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या टाळणारं), टॅक्रोलिमस (अवयवरोपणानंतरचं) यांसारख्या औषधांत पुरेसा डोस आणि घातक डोस यांच्यात फार थोडं अंतर असतं. दर निविदेला पुरवठादार बदलून अशा रुग्णाच्या हाती नवी गोळी देणं धोक्याचं आहे. या मोजक्या औषधांसाठी थोडा जास्त दर देऊनही एकच उत्पादक टिकवावा, असं माझं ठाम मत आहे. बदल टळतच नसेल तर रक्तातली पातळी किंवा (वॉरफरिनसाठी) आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा आकडा, तपासण्याची सोय आधी करा.

हवामान विसरणं

समशीतोष्ण प्रदेशासाठी २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेला केलेली स्थिरता चाचणी उष्ण-दमट देशात पुरेशी नाही. तिथे ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेची माहिती मागा. काही प्रतिजैविक गोळ्यांतलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ओलाव्याने लवकर बिघडतं. चांगल्या स्ट्रिपमधून आलेल्या अशा गोळ्या सुट्या करून कागदी पुडीत बांधल्या, तर कारखान्याने घेतलेली सगळी काळजी वाया जाते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. प्रसूती केंद्रात फ्रिजचा भरवसा नसेल तर स्वस्त ऑक्सिटोसिन स्वस्त राहत नाही. त्याच कामाचं, उष्णता सहन करणारं कार्बेटोसिन २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत आहे, त्याचाही हिशेब मांडून पाहा.

बाकी, औषधाची उरलेली मुदत आणि पुरवठादार वेळेवर माल देतो का, याची अट करारातच हवी. सगळी खरेदी एकाच्याच हाती दिली आणि त्याचा कारखाना बंद पडला, तर कमी दर काय कामाचा?

‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार झटकणं

आधी रुग्ण गोळी नियमित घेतो का, ते विचारा. गोळीचा रंग-आकार बदलला की अनेक जण ती चुकीची समजून बंद करतात. तसं नसेल तर बॅच क्रमांक नोंदवा, साठवण कशी होती ते पाहा आणि त्याच बॅचच्या तक्रारी इतर केंद्रांतून आल्या आहेत का, याची चौकशी करा. संशय टिकला तर त्या बॅचचं वाटप थांबवा, खोकी वेगळी ठेवा, न उघडलेले नमुने प्रयोगशाळेत पाठवा आणि नियामकाला कळवा. नमुन्यासोबत विरघळण्याची चाचणी आवर्जून मागा. गोळीत औषध पूर्ण असूनही ती नीट विरघळत नसेल, तर नुसतं प्रमाण मोजणाऱ्या अहवालावर ‘उत्तीर्ण’च लिहून येईल.