नवीन लॅपटॉप आणलाय? त्यात फाइली भरायच्या आधी एवढं करून घ्या

इंदूरात लॅपटॉप घ्यायला बरेच जण सिल्व्हर मॉलला नाहीतर जेल रोडला चक्कर मारतात, भाव ठरतो, बिल बनतं, आणि मग काउंटरवरचा मुलगा हमखास म्हणतो, “भिया, विंडोज-ऑफिस सब सेट करके दे देता हूं, दस मिनिट लगेंगे.” त्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्याला नको म्हणा. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ज्याचा ईमेल टाकला जातो त्याच्याच नावावर पुढच्या बऱ्याच गोष्टी चिकटतात, सोबत मिळालेलं ऑफिस त्या अकाउंटला जोडलं जातं, डिस्क अनलॉक करायची कीसुद्धा तिथेच जाऊन बसते, आणि त्याने घाईत स्वतःचा किंवा कुठला तरी कामचलाऊ ईमेल टाकला असेल तर दोन वर्षांनी तुम्ही कोणाला शोधत फिरणार? दुकानात फक्त एवढं बघा की डबा सीलबंद आहे आणि डब्यावरचा, लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे. स्क्रीन बघायची असेल तर भाषा निवडायच्या पानापर्यंत जा आणि तिथूनच बंद करा. बाकी सगळं घरी.

आणि हो, डबा लगेच भंगारवाल्याला देऊ नका. वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

चार्जर आणि प्लग

“पहिल्यांदा आठ तास चार्ज करून मगच चालू कर” हे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. तो नियम जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आता लॅपटॉपमध्ये तीच असते, आणि तिला असलं काही लागत नाही. चार्जर लावा आणि लगेच कामाला लागा.

मात्र प्लगकडे लक्ष द्या. थ्री-पिन चार्जर असेल आणि भिंतीत जागा नाही म्हणून टू-पिनचा कन्व्हर्टर लावला तर अर्थिंग तुटतं, आणि मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात लॅपटॉप खराब निघाला. लॅपटॉप ठीक असतो, सॉकेट बदला. जुन्या वाड्यांतल्या घरांत तर भिंतीत तीन भोकं दिसतात पण अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, तिथे एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या.

अकाउंट आणि ती ४८ आकडी की

विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. इथे असा ईमेल द्या जो पुढची दहा वर्षं तुमच्याकडेच राहणार आहे. मुलाच्या कॉलेजचा नको, ऑफिसचा तर अजिबात नको, कारण नोकरी सुटली की ईमेल गेला. त्या अकाउंटला तुमचा मोबाइल नंबरही जोडून ठेवा.

आता महत्त्वाचं. २०२४ पासूनच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं की बहुतेक नवीन लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप, आपोआप चालू होतं, कोणी विचारत नाही, सांगतही नाही. चांगली गोष्ट आहे, लॅपटॉप चोरीला गेला तरी तुमचे फोटो, बँकेचे कागद कोणी वाचू शकत नाही. पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम) अपडेट झालं आणि निळ्या स्क्रीनवर रिकव्हरी की मागितली, तर ती ४८ आकडी की तुमच्याकडे हवी, नाहीतर डेटा गेला म्हणून समजा, सर्व्हिस सेंटरवालाही काही करू शकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी फोनवरून त्याच अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप दिसेल, तिथे बिटलॉकर की (बिटलॉकर हे या कुलपाचं नाव, की तीच ४८ आकडी) बघा, कागदावर नीट लिहा किंवा प्रिंट काढा आणि घराच्या रजिस्ट्रीच्या फाइलमध्ये लावून टाका. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, बॅग आणि लॅपटॉप सोबतच जातात.

अपडेट लावून द्या, दोन-तीनदा रीस्टार्ट होईल, होऊ द्या, बायोस अपडेट चालू असताना चार्जर काढू नका. फुकट मिळालेला ट्रायलचा अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक घ्या. विंडोज आणि स्पेस दोन्ही बटणं सोबत दाबली की इंग्रजी-मराठी बदलतं. गणेशोत्सवाची पत्रिका टाइप करायला दर वर्षी कोणाला तरी पकडायची गरज राहत नाही.

वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचं, तेवढं समजून घ्या. सेटअपच्या वेळी ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर स्वतःकडे ओढून घेतं, फुकट जागा फक्त ५ जीबी, ती भरली की “स्टोरेज फुल” चे मेल सुरू होतात आणि घाबरून माणूस वनड्राइव्हमधून फाइली उडवायला लागतो, आणि मग त्या लॅपटॉपवरूनही उडतात, कारण दोन्हीकडे एकच फाइल आहे, एकीकडे पुसली की दुसरीकडेही पुसली जाते. पैसे भरून जागा घ्यायची नसेल तर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरचा बॅकअप पहिल्याच दिवशी बंद करा, फोल्डर रिकामे असतानाच.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि आत ४७६ च दिसतात, दुकानदाराने फसवलं नाहीये. कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तसंच १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते.

आपल्याकडे दुसरी हौस म्हणजे पार्टिशन. सी मध्ये विंडोज, डी मध्ये फोटो, ई मध्ये पिक्चर, आणि वर समाधान की “विंडोज उडालं तरी डी सेफ आहे”. विंडोज पुन्हा टाकताना थोडा फायदा होतो, नाही असं नाही. पण सी आणि डी एकाच एसएसडीचे (लॅपटॉपमधली तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) दोन भाग आहेत, एसएसडी गेली की दोन्ही गेले, आणि एसएसडी जाताना बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कसारखी कुरकुर करून सूचना पण देत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर डी ड्राइव्ह मागे घरी राहत नाही. पार्टिशन करायचं तर करा, पण दुसरी कॉपी लॅपटॉपच्या बाहेर हवी म्हणजे हवी.

बाहेरची डिस्क घेताना

दोन प्रकार. पोर्टेबल हार्ड डिस्क स्वस्त, जागा भरपूर, स्पीड साधारण सेकंदाला १०० ते १३० एमबी, आतमध्ये तबकडी फिरत असते म्हणून चालू असताना हलवायची नाही आणि पाडायची तर नाहीच. पोर्टेबल एसएसडी महाग, पण चार ते आठपट जलद आणि बॅगेतल्या धक्क्यांना दाद देत नाही. रोज सोबत न्यायची, त्यावरच व्हिडिओ एडिट करायचे असतील तर एसएसडी. लग्नाचे, मुंजीचे फोटो कॉपी करून कपाटात ठेवायचे असतील तर हार्ड डिस्कच घ्या, कारण एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू पुसट व्हायची शक्यता असते. हार्ड डिस्कही अधूनमधून काढून लावून बघायची, कपाटात ठेवली म्हणजे अमर झाली असं नाही.

खूप स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. आमच्या रामबागेतल्या मावशींनी ऑनलाइन कुठून तरी “२ टीबी”चा पेनड्राइव्ह मागवला, काही शे रुपयांत, आणि त्यात सगळ्या घराचे जुने स्कॅन केलेले फोटो भरले. फोल्डर दिसत होते, फाइलींची नावं दिसत होती, साइझ पण बरोबर दिसत होती, पण सुरुवातीचे फोटो सोडले तर पुढचा कुठलाच उघडत नव्हता, अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टा. आत खरी जागा ३२ जीबी निघाली. असल्या पेनड्राइव्हच्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, खरी जागा संपली की नवीन फाइल जुनीवर लिहिली जाते नाहीतर हवेत जाते. ओरिजिनल फोटो फोनमध्ये आणि अल्बममध्ये होते म्हणून निभावलं.

म्हणून डिस्क आणली की काही भरायच्या आधी तपासा. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, तो रिकाम्या डिस्कवर १-१ जीबीच्या फाइली शेवटपर्यंत लिहितो आणि परत वाचून जुळवतो. १ टीबीच्या हार्ड डिस्कला लिहायला तीनेक तास आणि वाचायला तेवढेच, रात्री लावा आणि झोपा. हे कंटाळवाणं वाटतं पण डिस्क परत करायची मुदत संपायच्या आत केलं तरच उपयोग.

मग फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॅट-३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना जागा रिकामी असूनही “फाइल टू लार्ज” येतं आणि माणूस चक्रावतो. एक्सफॅटची एक गोष्ट लक्षात असू द्या, मध्येच केबल ओढली तर एनटीएफएसपेक्षा ती जास्त लवकर बिघडते, तेव्हा इजेक्ट करूनच काढा.

स्पीड कमी वाटला तर डिस्कला दोष द्यायच्या आधी केबल आणि पोर्ट बघा. टाइप-सी हा फक्त आकार आहे. फोनच्या चार्जिंगची टाइप-सी केबल लावली तर ती बहुतेक यूएसबी २ ची असते, आणि हजार-दीड हजार जास्त देऊन घेतलेली एसएसडी पेनड्राइव्हच्या चालीने चालते. डिस्कसोबत आलेली केबलच वापरा.

कॉपी आपोआप व्हायला हवी असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये फाइल हिस्टरी आहे, डिस्क लावून ते चालू करा, डिस्क जोडलेली असेपर्यंत दर तासाला बदललेल्या फाइली तिकडे जातात. आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवारी लावली, कॉपी झाली, काढून ठेवली. कायम लावून ठेवायची नाही, कारण लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) शिरला तर लावलेली डिस्कही तो लॉक करतो. आणि जे खरंच एकदाच मिळतं, आजोबांचे फोटो, घराचे कागद, त्याची तिसरी कॉपी दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, भावाकडे, किंवा क्लाउडवर.

बॅटरी

बॅटरीला दोन गोष्टी खातात, उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर बसून राहणं. दोन्ही सोबत असल्या तर फार लवकर.

ज्यांचा लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेला असतो त्यांनी ८० टक्क्यांची लिमिट लावावी. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्वेशन मोड, आसुसच्या माय-आसुसमध्ये बॅटरी केअर, एचपीत बऱ्याच मॉडेलला बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर, डेल आणि एसरच्याही ॲपमध्ये असं काहीतरी मिळतं. लिमिट लावली की चार्जर खुशाल लावून ठेवा, काढ-घाल करायची गरज नाही. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला निघायचं असेल तर आदल्या रात्री लिमिट काढून १०० करून घ्या. लिमिटची सोय नसेल तर साधारण २० ते ८० च्या मध्ये ठेवायचा प्रयत्न करा, पण त्यासाठी घड्याळ लावून बसू नका. महिनाभर वापरणार नसाल तर अर्ध्या चार्जवर बंद करून ठेवा, शून्यावर नाही.

उष्णतेचं आपल्याकडे जरा जास्तच. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. दुपारी उन्हात उभ्या कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवू नका. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची भोकं बंद होतात. कूलरच्या थेट झोतासमोरही नको, ती हवा थंड असते पण ओली असते.

पहिल्या आठवड्यात एक काम करा. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, काळी खिडकी उघडेल, त्यात पॉवर, लगेच जोडून सी-एफ-जी, मग एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं सगळं इंग्रजीत एका ओळीत लिहून एंटर दाबा. एक फाइल बनते, कुठे बनली ते तिथेच लिहून येतं. ब्राउझरमध्ये उघडा आणि दोन आकडे बघा, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ५०,००० मिलीवॉट-अवर आहे आणि दुसराही त्याच्या आसपास, तर बॅटरी नवी आहे. दुसरा ४०,००० वर आला म्हणजे ८० टक्के उरली. नव्या लॅपटॉपमध्ये पहिल्याच दिवशी तो बराच खाली दिसला किंवा सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा) शेकड्यात असला तर दुकानदाराला लगेच गाठा. ही फाइल जपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी नवीन काढून जुळवा, कारण लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षं असली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकच वर्ष असते, आणि बॅटरी पडतेय हे अकराव्या महिन्यात कळलेलं बरं.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असणार. चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. आपल्याकडे कचरागाडीला सगळं सुटं करून द्यायची सवय आहे खरी, पण फुगलेली बॅटरी गाडीत टाकू नका, दबली की पेट घेते.

जुन्या लॅपटॉपचं काय

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून बरेच जण आत्ता नवीन घेतायत आणि जुना एक्सचेंजला द्यायची घाई करतायत. थांबा जरा. जुन्यातली डिस्क चांगली असेल तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला, बाहेरची डिस्क तयार. मात्र डिस्क साटा आहे की एनव्हीएमई (हे डिस्क जोडायचे दोन वेगळे प्रकार) ते बघून केसिंग घ्या, आणि तिच्यावर बिटलॉकर असेल तर तिचीही की आधी शोधून ठेवा. विकायचाच असेल तर सगळं नवीनमध्ये कॉपी झाल्यावर महिनाभर तसाच राहू द्या, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, डाउनलोड्समध्ये पडलेली एखादी पावती हे हमखास नंतर आठवतं. मग सेटिंग्जमध्ये रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि त्यात क्लीन डेटा चालू करून पुसा. वेळ लागतो, चार्जर लावूनच करा.