सिक रूममधले दोन डबे

कोल्हापुरातल्या एका शाळेची सिक रूम मी सांभाळते. इन्सुलिनवर असलेली तीन मुलं आमच्याकडे आहेत. नवे शिक्षक आले की एकदा तरी विचारतात, "सिस्टर, डायबेटिसच्या पोराला साखर कशी काय देता?" द्यावीच लागते. इन्सुलिन घेतलंय, डबा अर्धाच खाल्लाय, वर पी.टी.चा तास झालाय. अशा वेळी रक्तातली साखर झपाट्याने उतरते. ग्लुकोमीटरवर आकडा ७० (mg/dL) च्या खाली दिसला की लगेच काहीतरी गोड पोटात गेलं पाहिजे.

त्यासाठी दोन डबे करा. लाल झाकणाचा साखर चढवायला, निळ्या झाकणाचा ती टिकवायला. पूर्वी मी सगळं एकातच कोंबायची. एकदा चौथीतली मुलगी आली, हात थरथरतायत, कपाळावर घाम. हाताला लागलं ते चॉकलेट मी दिलं. पंधरा मिनिटांनी ६२ चे जेमतेम ६४ झाले होते. चॉकलेटमध्ये फॅट असतं, त्यामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. तेवढा वेळ ती माझा पदर मुठीत धरून बसली होती. तेव्हापासून लाल डब्यात चॉकलेट नाही.

त्यात असते ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, आणि छोटे ज्यूसचे पॅक. शुगर-फ्री किंवा डाएट लिहिलेलं पेय इथे कामाचं नाही. पावडर आधीच मोजून पुड्या बांधा, कारण घाईत चमचे मोजताना चुकतं. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे साखर. तीस किलोच्या पोराला नऊ-दहा ग्रॅम पुरतात. प्रत्येकाचं माप डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पुडीवर नाव टाका. गुळाचा खडा आमच्याकडे पालक हौसेने आणून देतात, पण तो चघळण्यात वेळ जातो आणि खड्याचं माप कळत नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बोट आधी धुऊन पुसा, गोड लागलेलं असलं तर आकडा खोटा येतो. ७० च्या खालीच असेल तर आणखी एक पुडी. साखर वर आली आणि जेवणाला अजून अवकाश असला, तर निळा डबा: मारी बिस्किटं, फुटाणे, थोडं भडंग. शेंगदाण्याची ॲलर्जी मात्र आधी विचारा.

पावसाळ्यात पुड्या ओलावतात, मुंग्या लागतात. झिपच्या पिशव्यांत घालून स्टीलच्या डब्यात ठेवा. २०१९ च्या पुरापासून मी जुलैआधीच एका दिवसाचं जास्तीचं सामान भरते. पंचगंगा चढली की रस्ते बंद होतात आणि पोरं शाळेत अडकू शकतात.

कपाटाला कुलूप नको. चक्कर येणाऱ्या मुलाला माझ्याकडे एकटं पाठवू नका. दोन पुड्या वर्गात, दोन पी.टी.च्या सरांच्या पिशवीत असू द्या. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही; कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

आणि पुडी वापरली की रिकामी पिशवी टाकू नका, डब्यातच ठेवा. ती दिसली की मी त्याच दिवशी नवी भरते.