कोयते जाण्याआधी: मागे राहणाऱ्यांसाठी भाजीची तयारी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. मागे राहतात म्हातारी-कोतारी, आजारी माणसं आणि आजीपाशी ठेवलेली लेकरं. गुढीपाडव्यापर्यंत त्यांच्या ताटात भाकरीसोबत बहुतेकदा चटणीच असते. बाजाराच्या गावाला जाऊन भाजी आणणार कोण? या घरांसाठी गावातच भाजी पिकवायची तर ती दिवाळीला हाताशी यायला हवी, म्हणजे तयारीला मृगातच लागायचं.

जमिनीच्या आधी घरं बघा. कोण मागे राहणार, कुणाला दात नाहीत, कुणाच्या हातून चूल पेटत नाही, हे वहीत लिहून घ्या. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना हे तोंडपाठ असतं. दहा-बारा घरांना दोन गुंठे धरून चला. जास्तीची हाव नको, कारण पाणी तेवढंच आहे. जागा दुसऱ्याची असेल तर बोलणं चार माणसांसमोर करून घ्या.

पाण्याचा हिशेब मात्र बारकाईनं करा. हिवाळ्यात एका गुंठ्याला दिवसाला साधारण 300 ते 400 लिटर लागतं. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून 200 लिटरचे ड्रम आधीच आणून ठेवा आणि मोटरची चावी कुणाकडे राहील ते ठरवा. सोयाबीनची रास झाली की भुसकट मागून घ्या. वाफ्यावर त्याचा थर दिला की काळ्या मातीला भेगा कमी पडतात, ओल टिकते.

काळ्या रानात पाणी साचून मुळं सडतात, तेव्हा गादीवाफेच करा, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेले वाफे. गुंठ्याला दोन क्विंटल शेणखत, पण पुरतं कुजलेलं. कच्चं टाकलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. कुंपणाला बोराटीची काटी लावा. शेळ्यांना एक वाट सापडली की बाग संपली. जून-जुलैत लिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या लेकरांना वेचायला सांगा, वाळवून ठेवा. अर्ध्या किलोची भरड रात्रभर भिजवून गाळली की दहा लिटर फवारा होतो. विकतचं औषध या बागेत नकोच. औषध मारल्यावर भाजी खाण्याआधी काही दिवस थांबावं लागतं, आणि ज्यांच्या ताटात ती जाणार, त्यांना थांबा म्हणता येत नाही.

पेरणी ताटाकडं बघून करा. लाल भोपळा पावसाच्या सुरुवातीला लावा. पिकलेला भोपळा घरात महिनोन्‌महिने टिकतो, शिजला की बोळक्या तोंडालाही चालतो. भेंडीला परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ घ्या, तिला केवडा, म्हणजे पानं पिवळी पडण्याचा रोग कमी लागतो. पावसाळ्यात पेरली की दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू, थंडी वाढली की ती मंदावते. वांग्याचं रोप ऑगस्टमध्ये टाकलं तर सप्टेंबरमध्ये लावणीला येतं. मेथी, पालक, चुका, शेपू एकदम पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एकेक वाफा पेरला तरच दर आठवड्याला भाजी निघते. धने रगडून दोन फाकी करून टाका.

आता ज्या गोष्टीची तयारी बहुतेक जण करत नाहीत, ती. मेथीची जुडी दारात ठेवून आलात म्हणजे भाजी पोचली असं नाही. “निवडून दे बाबा, मला दिसत नाही,” असं एखादी आजी म्हणते. मातीतला खडा, गवताची काडी तिच्या बोटांना कळत नाही, आणि काडी घशात अडकेल म्हणून ती जुडी तशीच सुकते. म्हणून निवडायला दोन जणी आधीच ठरवा आणि धुऊन-चिरूनच द्या. सोबत तेलाची पुडी, मीठ आणि जमलं तर मूठभर तुरीची डाळ. सरपण आहे का तेही विचारा. भाजी घरी जाऊन द्या. चावडीवर रांग लावून, फोटो काढून कुणाला बोलावू नका. ज्यांना जमतं त्यांना बागेत बोलवा, खुडायला, पाणी द्यायला. बऱ्याच आजोबांना वाफ्याचं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्यांचं ऐका.

फाल्गुनात विहिरी तळाला जातात, पालेभाजी थांबते. त्या दिवसांसाठी बांधावर शेवगा हवा. त्याच्या फांद्या मात्र पहिल्याच पावसात रोवा. रुजल्या की पाला खुडायला मिळतो, शेंगांसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल.