ध्रुवीय बर्फ आणि समुद्राचे प्रवाह: दोन ग्लासांत दाखवायचा प्रयोग

नागपुरात मे महिन्यात नळाचं पाणी वापरू नका. ते इतकं तापलेलं असतं की दोन्ही ग्लासांतला बर्फ बघता बघता संपतो आणि फरक दिसतच नाही. माठातलं पाणी घ्या. एका ग्लासात लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवा, म्हणजे समुद्राइतका खारेपणा येतो. दुसऱ्यात साधं पाणी. दोन्हींचं तापमान सारखं व्हायला अर्धा तास शेजारी ठेवा. मग खाण्याचा निळा रंग घालून गोठवलेला, सारख्या आकाराचा एकेक खडा अलगद सोडा. ढवळायचं नाही.

साध्या पाण्यात निळ्या रेघा तळाकडे उतरतात. थंड पाणी जड म्हणून खाली जातं, कोमट वर येतं आणि खडा लवकर विरघळतो. खाऱ्या पाण्यात निळा थर वरच राहतो, कारण वितळलेलं गोडं पाणी थंड असूनही खाऱ्यापेक्षा हलकं असतं. बर्फ जास्त टिकतो. आर्क्टिकमध्येही अटलांटिकचं कोमट, खारं पाणी असंच वरच्या थंड, कमी खाऱ्या थराखाली राहतं.

आता खाऱ्या ग्लासात चमचा हळू फिरवा. थर मोडला की बर्फ भराभर जातो. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या कडेला असलेल्या बॅरेंट्स समुद्रात हे मिसळणं वाढलं आहे.

मुलांना आर्क्टिकवरच्या समुद्री बर्फाच्या क्षेत्राचा आलेख दाखवताना एकच वर्ष निवडू नका, फसगत तिथेच होते. सप्टेंबर 2012 मध्ये बर्फ नीचांकाला गेला, पण त्यानंतरची वर्षं वाऱ्या-प्रवाहांच्या चक्रांमुळे वरखाली झाली. 1979 पासूनच्या उपग्रह नोंदी सलग मांडल्या तरच घसरण दिसते, आणि ती एकट्या चक्रांची नाही, तापमानवाढीचीही आहे.