फुग्यातला हेलियम परत सिलिंडरमध्ये: निघण्याआधीची तयारी

मोठ्या फुग्यातला हेलियम गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने (वायू दाबणाऱ्या यंत्राने) परत सिलिंडरमध्ये भरायचा असेल, तर आधी गणित करा, गाडीचं नंतर बघू. तीन मीटर व्यासाच्या गोल फुग्यात साधारण १४ घनमीटर हेलियम मावतो. ५० लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारला (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) तो जेमतेम ७ घनमीटर बसतो, म्हणून दोनाच्या जागी तीन सिलिंडर घ्या. ते स्वतःच्या मालकीचे, चाचणीची मुदत न संपलेले आणि आधी हेलियमच भरलेले असावेत. फुग्यात हायड्रोजन असेल तर यादी इथेच मिटा. ते काम या सामानाचं नाही.

मिनिटाला १०० लिटर ओढणाऱ्या लहान उच्चदाब कॉम्प्रेसरला सव्वादोन किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. १२ व्होल्टवर हे १८० अँपिअरच्या वर जातं, त्यामुळे लायटरच्या सॉकेटचा विचारही नको. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर किंवा पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या दांड्यावर) चालवा. टायरात हवा भरायचा पंप दहा बारला दमतो. तेवढ्यात सिलिंडरमध्ये अर्धा घनमीटर गेलेला असतो. इंजिन अडीच तास चालेल इतकं डिझेल, हँडब्रेक, चाकांना दगड आणि धूर माणसांकडे येणार नाही अशी वाऱ्याची बाजू, एवढं झालं की गाडीचं झालं.

खरी कसोटी ओढीच्या बाजूला, म्हणजे कॉम्प्रेसर फुग्यातून वायू खेचतो तिथे. फुग्यातला दाब बाहेरच्यापेक्षा नावालाच जास्त असतो. कॉम्प्रेसरने जरा जोर केला की सांध्यांतून, शिवणीच्या टाक्यांतून हवा आत शिरते आणि मग तुम्ही हवाच साठवत बसता. यासाठी मध्ये एक सैल पिशवी आणि पाण्याची यू-नळी जोडा. पाणी ओढीकडे चढू लागलं की लगेच वेग कमी करा. फुग्याच्या तोंडातून आत भोकं पाडलेला पाईप सरकवा. पहिल्या वेळी आम्ही तो विसरलो. कापड तोंडावर जाऊन चिकटलं, कॉम्प्रेसरचा आवाज एकदम बारीक झाला आणि फुगा अर्धा भरलेला असताना काम अडलं. शेवटचा थोडा वायू सोडून द्या, त्याच्या हव्यासात हवाच येते. आणि फुगा सैल पडत जातो तसा वाऱ्यात शिडासारखा ताणतो, म्हणून जाळं नि वजनं शेवटपर्यंत काढू नका.

कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला हेलियम क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या तेलाच्या पेटीतून) बाहेर पडतो. तिथली नळी परत ओढीकडे वळवली तर बराच वाचतो. नळ्यांतली हवा घालवायला सुरुवातीचा वायू बाहेर सोडा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, कारण हवेला न गळणारा जोड हेलियमला गळतो.

दाबला की हेलियम हवेपेक्षा जास्त तापतो. कॉम्प्रेसरच्या दाबायच्या टप्प्यांमध्ये वायू थंड करणारी नळीची गुंडाळी हवी आणि पाणी-तेल वेगळं करणाऱ्या भांड्याची तोटी दर दहा-पंधरा मिनिटांनी उघडायला एक माणूस हवा. सिलिंडर गरम असताना दाबाच्या काट्यावर विसंबू नका: ६० अंशांवर १५० बार दाखवणारा सिलिंडर ३० अंशांवर १३६ वर येतो. त्यापुढे भरायचं असेल तर थंड झाल्यावर, आणि सिलिंडरवर कोरलेल्या मर्यादेच्या आतच.

सामानात ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा टाका. नवा आणि परत भरलेला हेलियम एकाच आकाराच्या छोट्या फुग्यांत भरून त्यांची वर उचलायची ताकद तोला. दहा लिटरच्या फुग्यात एक ग्रॅम फरक आला तर दहा टक्के हवा मिसळली आहे. तो आकडा, तारीख आणि थंड झाल्यावरचा दाब सिलिंडरच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहा.