रेझिनचा कन्व्हर्जन भाग: आधी किट मोजा, मग रणगाडा

भारतीय लष्कराच्या टी-५५ रणगाड्यांवर मूळच्या १०० मिमी तोफेच्या जागी १०५ मिमीची एल-७ जातीची तोफ बसवली गेली. बाजारातलं १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं) प्लास्टिक मॉडेलचं किट मात्र बहुधा मूळ तोफेचंच असतं. फरक लांबूनही कळतो. बोअर इव्हॅक्युएटरचा (नळीतला धूर बाहेर काढणाऱ्या भागाचा) फुगवटा शंभरच्या नळीवर अगदी तोंडाशी असतो, एकशेपाचच्या नळीवर मधल्या भागात. त्यामुळे कन्व्हर्जनसाठी, म्हणजे किटचा भारतीय रणगाडा करण्यासाठी, दोन गोष्टी लागतात: नळी आणि आपल्या फोटोत दिसत असेल तर टरेटवरची (तोफेच्या फिरत्या बुरुजावरची) सामानपेटी.

संदर्भासाठी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. फोटोची परवानगी आधी विचारा. फोटो लांबून, झूम करून आणि वस्तूच्या बरोबर समोरून घ्या. जवळून काढला की कडा पसरतात आणि मापं चुकतात. शक्य असेल तर मोजायच्या भागालगत, त्याच पातळीत, एक मीटरपट्टी धरा. खडकी किंवा देहूरोडच्या लष्करी हद्दीत मात्र कॅमेरा पिशवीतच बरा.

१/३५ मध्ये १ मीटर म्हणजे २८.५७ मिमी. एल-७ ची नळी ५२ कॅलिबरची, म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या ५२ पट, ५२ × १०५ = ५४६० मिमी; मॉडेलवर १५६ मिमी. तोंडाचं भोक बरोब्बर ३ मिमी. गणित इथवर सोपं आहे. घोळ होतो तो यापुढे, कारण किटचा टरेट खऱ्या टरेटच्या मापात असेलच असं नाही. तो अर्धा मिमी अरुंद असला तर खऱ्या मापाने काढलेली पेटी त्यावर टेकणारच नाही. म्हणून जिथे भाग चिकटणार ती प्रत्येक जागा डिजिटल व्हर्नियरने किटवरच तीन ठिकाणी मोजा. खरी मापं फक्त बाहेर दिसणाऱ्या बाजूंना लावा.

टी-५५ चा टरेट गोलसर, ओतीव. त्याची वक्रता व्हर्नियरने मिळत नाही. टरेटवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, त्यावर एम-सीलचा गोळा दाबा आणि कडक झाल्यावर उचला. हा ठसा कापून त्याची कड स्कॅन केली की पेटीच्या आतल्या बाजूची रेषा तयार.

नळी रेझिनमध्ये ओतायच्या फंदात पडू नका. इतका लांब, बारीक भाग उन्हाळ्यात स्वतःच्या वजनानेच वाकतो. भोसरीत जॉबवर्क घेणाऱ्या छोट्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, फुगवट्यासकट एकाच तुकड्यात. एका नगासाठी सेटिंग लावायला कोणी सहसा तयार होत नाही. ५-६ नग एकदम सांगा. ड्रॉइंगमध्ये १५६ मिमीतून मँटलेटच्या (तोफेच्या बुडाशी असलेल्या चिलखती ढालीच्या) आत दडणारी लांबी वजा करा आणि मागे ६ मिमी लांबीची खुंटी जोडा. मँटलेटमधलं भोक खुंटीपेक्षा ०.२ मिमी मोठं ठेवा.

आता पेटी. तिचा नमुना प्रिंट करून त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतायचं. समजा ती ४० × १२ × १० मिमी आहे. कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) पहिली रेघ ओढण्याआधी रेझिन कुठून ओतणार ते ठरवा. इथे तळ निवडा, कारण तो खाली दडतो आणि करवतीचा व्रण कुणाला दिसत नाही. तळाला १.५ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या आणि त्याखाली एक ओतठोकळा काढा. साचा उलटा केला की ठोकळा वर येतो आणि बुडबुडे चढून त्यातच अडकतात.

बारकाव्यांत थोडी लबाडी चालते, किंबहुना करावीच लागते. खऱ्या गाडीवरची ५ मिमीची फट १/३५ मध्ये ०.१४ मिमी होते आणि प्रायमरखाली बुजते, ती ०.२ ठेवा. बोल्टची डोकी निदान ०.३ मिमी उंच हवीत. हँडल ओतू नका, फक्त ०.४ मिमीच्या खुणा ठेवा आणि पितळी तार लावा.

हा मूळ नमुना, म्हणजे मास्टर, रेझिन प्रिंटरवर ०.०३ मिमी थरात काढा. प्रिंट आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुवा, यूव्हीखाली पूर्ण पिकवा. ही पायरी घाईत उरकली तर प्लॅटिनम सिलिकॉन मास्टरलगत चिकट राहतं आणि साचा वाया जातो. नवख्याने टिन-क्युअर सिलिकॉन घ्यावं, ते कमी नखरेल. ते कालांतराने किंचित आकसतं, पण पेटीसारख्या लहान भागाला ते चालून जातं.

साच्याची चौकट ६० × ३२ × ३० मिमी, म्हणजे सुमारे ५८ घनसेमी. पेटी साधारण ५ घनसेमी. उरलेल्या ५३ ला सिलिकॉनच्या घनतेने, १.१५ ने, गुणलं की ६१ ग्रॅम सिलिकॉन. सांडलवंड धरून ७० घ्या. बाटलीवर ३ टक्के कॅटॅलिस्ट (सिलिकॉन जमवणारा भाग) लिहिलं असेल तर २.१ ग्रॅम, आणि ते ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच. एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता, म्हणजे सिलिकॉन स्वतःहून चढत मास्टर वेढतं.

रेझिन पॉलियुरेथेनचं असेल तर पुण्यातला पावसाळा त्याचा वैरी समजा. त्याचा आयसोसायनेट भाग हवेतल्या पाण्याशी प्रतिक्रिया करतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतीव भागाचा फेस होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओतायचंच असेल तर साचा ५० अंशांवर तासभर कोरडा करून घ्या, बाटल्या सिलिका जेलसह घट्ट बंद ठेवा आणि कागदी कप व लाकडी काड्या टाळून प्लास्टिकच्या वापरा. कागद-लाकडात ओल असते. एप्रिल-मेमध्ये उलटं: तापलेल्या खोलीत ४ मिनिटं पातळ राहणारं रेझिन त्याआधीच घट्ट होतं. सकाळी लवकर काम उरका.

बुडबुडे दाबायला ४०-६० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचं प्रेशर पॉट, म्हणजे हवा दाबून भरायचं बंद भांडं, वापरतात. स्वयंपाकाचा कुकर साधारण १५ पीएसआयसाठी बनवलेला असतो, त्याला पंप जोडणं म्हणजे घरात बॉम्ब ठेवणं. एक गोष्ट पुष्कळांकडून निसटते: दाबाखाली ओतायचं असेल तर साचाही त्याच दाबाखाली जमवलेला हवा. नाहीतर सिलिकॉनमधले बुडबुडे दाबाने आकुंचन पावतात आणि भागावर बारीक पुटकुळ्या उठतात.

ओतताना खिडक्या उघड्या, हातात नायट्राइल मोजे, तोंडावर ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क. घासणं ओलं, म्हणजे धूळ उडत नाही. भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर प्रायमर सोलून निघतो. चिकटवताना किटचं प्लास्टिक सिमेंट उपयोगाचं नाही, ते रेझिनला विरघळवत नाही. सुपरग्लू किंवा इपॉक्सी लावा. मास्टर डबीत जपून ठेवा, साचा फाटला की तोच पुन्हा लागतो.